चालू करण्याआधी: वीस मेगाबाइटच्या एका जुन्या हार्ड डिस्कवरील माहितीचे जतन

वनस्पतींच्या एका जुन्या क्षेत्र-सर्वेक्षणाच्या नोंदी ज्या संगणकावर भरल्या गेल्या होत्या, तो संगणक त्या सर्वेक्षणाच्या कागदपत्रांची देखभाल करणाऱ्या व्यक्तीने माझ्याकडे सोपवला. संगणक आयबीएम पीसी एक्सटीच्या धर्तीवर जुळवलेला होता आणि त्यात सीगेट कंपनीची एसटी-२२५ ही हार्ड डिस्क होती. सर्वेक्षणाचा छापील अहवाल उपलब्ध होता, पण त्यात गोषवारे आणि तक्ते तेवढे होते. कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी, कोणती वनस्पती दिसली ही मूळ नोंद फक्त या डिस्कवर असण्याची शक्यता होती, कारण फ्लॉपीवर घेतलेल्या बॅकअपचा एकही संच सापडलेला नव्हता.

माझ्याकडे आलेली विनंती साधी होती: डिस्क चालते का, एवढे आधी तपासून सांगा. ही विनंती कोणीही करेल अशीच आहे, परंतु जुन्या हार्ड डिस्कच्या बाबतीत तपासणी आणि जतन ही दोन वेगळी कामे धरता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. तपासायचे म्हणजे डिस्क फिरवायची, आणि वर्षानुवर्षे बंद राहिलेली डिस्क एकदा फिरली म्हणून दुसऱ्यांदा फिरेलच, अशी हमी कोणालाही देता येत नाही. चकतीवरची चुंबकीय नोंद बहुधा शाबूत असते. आधी दगा देतात ते बेअरिंग, मोटर, चकतीवर वाचन-लेखन करणारे हेड आणि विजेचे भाग. त्यामुळे डिस्क पहिल्यांदा फिरेल तेव्हाच तिच्यावरचे सर्व काही उतरवून घेण्याची सिद्धता आधी झालेली असली पाहिजे, आणि ती उतरवून घेण्याची क्रिया हीच तिची तपासणी ठरली पाहिजे. आजच्या डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवतात. ती सोय या पिढीच्या डिस्कमध्ये नाही, म्हणून नुसती माहिती विचारून निदान करण्याचा मार्गही येथे बंद होता.

डिस्क आणि कंट्रोलर कार्ड यांची जोडी

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय समजून घ्यायचा तर डिस्कची रचना थोडी तपशिलात पाहावी लागेल. एसटी-२२५ मध्ये दोन चकत्या, चार हेड आणि ६१५ सिलिंडर असतात. चकतीच्या पृष्ठावरील नोंदीच्या एका वर्तुळाला ट्रॅक, एकाखाली एक येणाऱ्या ट्रॅकच्या संचाला सिलिंडर आणि ट्रॅकच्या एका तुकड्याला सेक्टर म्हणतात. प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटांचे १७ सेक्टर धरले, तर एकूण ४१,८२० सेक्टर, म्हणजे २,१४,११,८४० बाइट होतात. यालाच त्या काळी २० मेगाबाइटची डिस्क म्हणत. चकती मिनिटाला ३,६०० फेरे घेते आणि नोंद सेकंदाला ५० लाख बिट या वेगाने होते, त्यामुळे एका फेऱ्यात सुमारे १०,४१६ बाइटांची जागा मिळते. त्यांपैकी ८,७०४ बाइट आपल्या माहितीचे असतात आणि उरलेल्या जागेत सेक्टरांचे पत्ते, तपासणीचे आकडे आणि मधल्या मोकळ्या पट्ट्या बसवलेल्या असतात.

ही मांडणी कोण ठरवते, हा कळीचा प्रश्न आहे. १९८० साली आलेल्या एसटी-५०६ या डिस्कवरून जिला नाव पडले, त्या जोडणीत डिस्कला सेक्टर ही गोष्टच ठाऊक नसते. हेड अमुक पावले आत ने, अमुक हेड निवड, एवढेच तिला समजते आणि चकतीवरून उचललेले चुंबकीय बदल ती केबलवरून तसेच्या तसे पाठवून देते. त्या बदलांतून बिट वेगळे काढणे, सेक्टरचा पत्ता ओळखणे, चूक झाली असल्यास ती पकडणे आणि शक्य असल्यास दुरुस्त करणे हे सगळे काम संगणकातील कंट्रोलर कार्ड करते. हे काम कसे करायचे याबाबत कार्ड बनवणाऱ्यांमध्ये एकवाक्यता नव्हती; पत्त्यातील बाइटांची संख्या आणि दुरुस्तीचे सूत्र कार्डागणिक बदलत असे. काही कार्डे तर आरएलएल ही दाट लेखनपद्धती वापरून त्याच ट्रॅकवर २६ सेक्टर बसवीत. परिणाम असा, की एका कार्डाने फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या कार्डाला जोडली तर ती पूर्ण सुस्थितीत असूनही कोरी किंवा खराब भासू शकते, आणि अशा वेळी डिस्क नव्याने फॉरमॅट करून बघण्याचा मोह होतो. जुन्या डिस्क यंत्रदोषाने जशा जातात तशाच या गैरसमजानेही जातात.

म्हणून संगणक हाती येताच मी पहिली सूचना केली ती डिस्क आणि कार्ड एकमेकांपासून वेगळी न करण्याची. जतन करणाऱ्यांच्या कपाटांत डिस्क नीट पिशवीत घालून ठेवलेली आणि कार्ड भंगारात गेलेले असे चित्र फार वेळा दिसते. कार्ड हा या माहितीचा अर्धा भाग आहे हे मनात पक्के बसले, तर असे घडणार नाही.

वीज देण्यापूर्वी

प्रत्येक केबल, तिची दिशा, जंपरच्या जागा आणि कार्डाचा क्रमांक यांची छायाचित्रे घेतली. डिस्कवरील लेबलचे छायाचित्र विशेष काळजीने घेतले, कारण या डिस्कच्या लेबलवर कारखान्यातील चाचणीत सदोष आढळलेल्या जागांची यादी छापलेली होती: सिलिंडर, हेड आणि ट्रॅकच्या आरंभापासूनचे बाइटांतील अंतर. ही यादी पुढे पुराव्यासारखी उपयोगी पडली. जवळच्या दुसऱ्या कार्डावर घड्याळाची बॅटरी पाझरलेली होती. ते कार्ड बाजूला काढले, सुदैवाने पाझर डिस्कच्या कार्डापर्यंत पोहोचलेला नव्हता.

संगणकाचा मूळ पॉवर सप्लाय वापरायचा नाही, हे आधीच ठरवले होते. एवढ्या वयाच्या सप्लायमधील कपॅसिटर कसे वागतील हे सांगता येत नाही आणि व्होल्टेज क्षणभर जरी भलतीकडे गेले, तरी डिस्कच्या बोर्डाचे नुकसान कायमचे होते. डिस्कच्या बोर्डावरील टँटलम कपॅसिटरही वयोमानाने शॉर्ट होतात, म्हणून १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट या दोन्ही तारांचा ग्राउंडशी असलेला रोध मल्टिमीटरने मोजला. शॉर्टचे चिन्ह आढळले नाही, तेव्हाच भार देऊन तपासलेल्या वेगळ्या सप्लायची निवड केली.

दुसरी तयारी डिस्कवर काहीही लिहिले जाणार नाही याची होती. आजच्या डिस्कसाठी लेखन रोखणारी तयार उपकरणे मिळतात. या जोडणीसाठी मला तसे काही वापरायचे नव्हते, कारण येथे याहून सोपा आणि अधिक खात्रीचा उपाय उपलब्ध आहे. डिस्कला दोन रिबन केबल लागतात: ३४ तारांची नियंत्रणाची आणि २० तारांची माहितीची. ३४ तारांच्या केबलमध्ये सहाव्या क्रमांकाची तार म्हणजे लेखनाचा आदेश. ही तार खाली खेचली गेली तरच डिस्क लिहिते. ती तुटलेली असेल, तर डिस्कवर बसवलेला टर्मिनेटर रोधक तिला वरच्या, म्हणजे निष्क्रिय पातळीवर धरून ठेवतो. म्हणून एका सुट्या केबलची लाल कडेपासून सहावी तार कापली, डिस्कवरील टर्मिनेटर जागेवर असल्याची खात्री केली, आणि ती केबल आधी एका टाकाऊ डिस्कवर लावून, लिहिण्याचा आदेश देऊनही जुना मजकूर कायम राहतो हे पाहिले.

या उपायाची एक बाजू ध्यानात ठेवावी लागते. तार कापलेली आहे हे कंट्रोलरला कळत नाही. लेखन यशस्वी झाले असेच तो समजतो आणि संगणकालाही तसेच कळवतो. त्यामुळे या केबलवर डिस्कला नुकसान पोहोचत नसले, तरी लिहू पाहणारा कोणताही प्रोग्राम खोटे निष्कर्ष दाखवू शकतो. शिवाय अशी केबल निवडताना ती फ्लॉपीची नाही ना, हे पाहावे. दोन्हींत ३४ तारा असतात, परंतु फ्लॉपीच्या केबलमधील पीळ १० ते १६ या तारांना असतो, तर हार्ड डिस्कच्या केबलमधील पीळ २५ ते २९ या तारांना.

पहिले वाचन

डिस्कला प्रथम केवळ वीज दिली, केबल जोडल्या नाहीत. हेड चकतीला चिकटून बसल्यामुळे मोटर अडकण्याचा दोष या काळातील डिस्कमध्ये वारंवार आढळतो. तसे झाले असते तर संपूर्ण ड्राइव्ह हातात धरून चकतीच्या अक्षाभोवती हलका झटका देण्याचा उपाय शेवटचा म्हणून राखून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. चकतीने वेग घेतला, हेड शून्य ट्रॅकवर गेल्याचा आवाज आला आणि स्पिंडलच्या टोकाला टेकणाऱ्या ग्राउंडच्या पट्टीची बारीक किरकिर तेवढी राहिली. ही किरकिर ऐकून पुष्कळ जण बेअरिंग गेले असे समजतात. पट्टीच्या टोकावरील ग्रॅफाइट झिजले की असा आवाज येतो, आणि त्याचा चकतीवरील माहितीशी संबंध नसतो.

वाचन मूळ कार्डाने न करता आधी बीगलबोन या छोट्या संगणकावर बसणाऱ्या एमएफएम (या डिस्कवरील नेहमीची लेखनपद्धती) वाचक बोर्डाने केले. हा क्रम मुद्दाम ठेवला. कार्ड आपल्या समजुतीप्रमाणे सेक्टर देते किंवा नाकारते. नाकारले तर हाती काहीच लागत नाही. वाचक बोर्ड मात्र ट्रॅकवरील प्रत्येक चुंबकीय बदलाची वेळ नोंदवून घेतो आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम नंतर, डिस्क बंद असताना, सॉफ्टवेअरने करता येते. अर्थ लावण्यात चूक झाली तरी तो पुन्हा लावता येतो, त्यासाठी डिस्क पुन्हा फिरवावी लागत नाही. डिस्क फिरण्याचा प्रत्येक मिनिट खर्ची पडतो असे धरले, तर हा फायदा इतर सर्व सोयींहून मोठा आहे.

पहिल्या फेरीत बहुतांश ट्रॅक निर्दोष आले. जे आले नाहीत ते दोन प्रकारचे होते. काही लेबलवरील सदोष जागांच्या यादीशी तंतोतंत जुळणारे होते, म्हणजे तेथे माहिती कधी लिहिलीच गेली नव्हती. उरलेले एकाच हेडखाली आणि आतल्या बाजूच्या लगतच्या सिलिंडरांवर एकवटलेले होते. या डिस्कमध्ये बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही ट्रॅकवर सेक्टरांची संख्या सारखीच असल्याने आतल्या, लहान परिघाच्या ट्रॅकवर बिट अधिक दाटीने बसतात आणि सिग्नल क्षीण झाला की आधी तेथेच चूक होते.

येथे घाई केली नाही. एसटी-२२५ मध्ये हेड सरकवणारी मोटर ठरावीक पावले टाकते. हेड नेमके ट्रॅकच्या मध्यावर आहे का, हे पाहणारी कोणतीही यंत्रणा तिच्यात नाही. धातू तापला की प्रसरण पावतो, आणि डिस्क ज्या तापमानाला फॉरमॅट झाली त्याहून आताचे तापमान वेगळे असेल तर हेड ट्रॅकच्या कडेवरून जाऊ लागते. म्हणून डिस्क संगणकात ज्या स्थितीत बसवलेली होती त्याच आडव्या स्थितीत ठेवून, तिला काही वेळ फिरत ठेवून तापू दिले आणि फक्त अडलेले ट्रॅक पुन्हा वाचले. त्यांतील बरेचसे आता निर्दोष तपासणी-आकड्यासह आले. वेगवेगळ्या फेऱ्यांत आलेले निर्दोष सेक्टर एकत्र करून एकच प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची फाइलरूपी प्रत, बांधली. नव्या फेरीत एकही नवा सेक्टर मिळेना, तेव्हा थांबलो. क्षीण झालेल्या जागेवरून हेड पुन्हा पुन्हा नेण्याने ती जागा सुधारत नाही, आणि हेड निकामी झाले तर उरलेल्या चांगल्या ट्रॅकची पुनर्तपासणीही अशक्य होते. न मिळालेल्या सेक्टरांच्या जागी शून्ये न भरता सहज ओळखू येणारा ठरावीक मजकूर भरला, कारण शून्यांनी भरलेला सेक्टर नंतर खऱ्या रिकाम्या सेक्टरपासून वेगळा ओळखता येत नाही.

दुसरे वाचन आणि पडताळणी

एका साधनाने वाचलेले बरोबर आहे, हे त्याच साधनाला विचारून भागत नाही. त्यामुळे कापलेल्या तारेची केबल तशीच ठेवून डिस्क तिच्या मूळ कार्डाला जोडली, संगणक फ्लॉपीवरून सुरू केला आणि बायोसच्या (संगणकात कायम बसवलेल्या मूलभूत प्रोग्रामच्या) हेक्समधील, म्हणजे १६ आधाराच्या संख्यापद्धतीतील, १३ क्रमांकाच्या इंटरप्टद्वारे (डिस्क वाचण्याच्या सेवेद्वारे) प्रत्येक सेक्टर क्रमाने वाचणारा छोटा प्रोग्राम चालवला. डिस्कवरील डॉस ही कार्यप्रणाली सुरू होऊ न देणे महत्त्वाचे होते. सुरू होताना चालणारे प्रोग्राम काय लिहू पाहतील याचा अंदाज नसतो. या कार्डाच्या बायोसमध्येच डिस्क खालच्या पातळीवर फॉरमॅट करणारा भागही असतो आणि डीबग या डॉसच्या प्रोग्राममधून एक छोटा आदेश दिला की तो सुरू होतो. जुन्या हस्तपुस्तिकांत हा आदेश पहिल्याच पानांवर सापडतो, म्हणून त्याचा येथे आवर्जून उल्लेख करतो.

प्रत्येक सेक्टरसोबत बायोसने दिलेला स्थिती-क्रमांकही जपून ठेवला. हेक्समधील १० हा क्रमांक दुरुस्त न होणारी चूक दाखवतो, ०४ म्हणजे सेक्टर सापडला नाही, आणि ११ म्हणजे चूक सापडली पण दुरुस्त केली. हा ११ क्रमांक पुष्कळ प्रोग्राम यश समजून सोडून देतात. कार्डाची दुरुस्ती मर्यादित लांबीच्या चुकीपुरतीच भरवशाची असते. चूक त्याहून मोठी असेल तर क्वचित प्रसंगी चुकीचीच दुरुस्ती होऊन सेक्टर बरोबर असल्याचा निर्वाळा मिळू शकतो. म्हणून असे सेक्टर वेगळे काढून वाचक बोर्डाच्या नोंदीशी ताडून पाहिले, आणि ज्या वाचनात दुरुस्तीची गरज पडली नव्हती ते ग्राह्य धरले. उरलेल्या सर्व सेक्टरांत दोन्ही वाचने बाइट न् बाइट जुळली.

यानंतरचे सारे काम प्रतिमेच्या प्रतीवर झाले. पहिल्या सेक्टरच्या शेवटी ५५ एए ही खूण होती, विभाजनाचा तक्ता सुसंगत होता आणि विभागात फॅट-१६ पद्धतीची (फॅट म्हणजे फायलींचे तुकडे कोठे आहेत याचा तक्ता), २,०४८ बाइटांच्या क्लस्टरची, म्हणजे फाइलला एका वेळी मिळणाऱ्या जागेच्या एककाची, रचना होती. डॉस फॅटच्या दोन प्रती ठेवते; त्या परस्परांशी ताडल्या, तेव्हा एकसारख्या निघाल्या. सदोष क्लस्टरसाठी फॅटमध्ये एफएफएफ७ अशी नोंद असते. या नोंदी लेबलवरील यादीशी आणि वाचनातील न आलेल्या जागांशी जुळल्या. छापील लेबल, चुंबकीय वाचन आणि डॉसची स्वतःची नोंद ही तीन स्वतंत्र साक्ष एकच सांगत होती, आणि त्यामुळे सिलिंडर किंवा हेड यांच्या क्रमात आपली गफलत झालेली नाही याची मला खरी खात्री पटली.

फायलींच्या आतली तपासणी

सर्वेक्षणाच्या नोंदी डीबेस थ्री प्लस या डेटाबेस प्रोग्राममध्ये होत्या. या फायलींच्या शीर्षभागात नोंदींची संख्या, शीर्षभागाची लांबी आणि एका नोंदीची लांबी दिलेली असते. संख्येला नोंदीच्या लांबीने गुणून त्यात शीर्षभाग आणि शेवटच्या खुणेचा एक बाइट मिळवला की फाइलचा आकार यायला हवा. मुख्य फाइलचा हिशेब जुळला. न वाचलेल्या सेक्टरांपैकी काही मोकळ्या जागेत होते, पण एक याच फाइलमध्ये पडत होता. नोंदींची लांबी ठरावीक असल्याने नुकसान त्या सेक्टरमधील नोंदींपुरतेच राहिले, पुढच्या नोंदी सरकल्या नाहीत. त्या जागा बाहेर काढलेल्या तक्त्यात अवाचित म्हणूनच दाखवल्या. छापील अहवालावरून त्या भरून काढता येतील अशी सूचना आली होती. ती मी मान्य केली नाही, कारण अहवालातून घेतलेला मजकूर हा डिस्कवरून आलेला मजकूर नव्हे आणि दोन्ही एका तक्त्यात मिसळले की पुढच्या अभ्यासकाला ते वेगळे करता येणार नाहीत. तो मजकूर शेजारी स्वतंत्र टिपणात ठेवला.

वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्राममधील टिपणे वाचताना दुसरी काळजी लागली. हा प्रोग्राम दस्तऐवज लिहिताना अनेक शब्दांच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवतो, म्हणून आजच्या साधनांत अशा शब्दांची शेवटची अक्षरे विचित्र दिसतात. तो बिट सरसकट उतरवला की अक्षरे सुधारतात, पण मग प्रोग्रामने स्वतः तोडलेल्या ओळीही लेखकाने तोडलेल्या ओळींसारख्या होऊन परिच्छेद मोडतात. प्रोग्रामने तोडलेल्या ओळीच्या शेवटी हेक्समधील ८डी असते, लेखकाने तोडलेल्या ओळीच्या शेवटी ०डी. हा फरक राखूनच रूपांतर केले.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग मात्र काढून टाकलेल्या नोंदींचा आहे. डीबेसमध्ये नोंद खोडली की तिच्या आरंभी फक्त एक तारांकन पडते. पॅक हा आदेश दिल्यावरच ती खरोखर नाहीशी होते. या फाइलवर तो आदेश शेवटी दिला गेला नव्हता, त्यामुळे अहवालात न आलेली निरीक्षणे तारांकनासह जशीच्या तशी मिळाली. ती चुकीची ओळख म्हणून काढली असतील, दुबार नोंद म्हणून काढली असतील किंवा पुन्हा पडताळण्यासाठी बाजूला ठेवली असतील. यातले काय खरे, हे डिस्क सांगू शकत नाही. म्हणून तक्त्यात त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवला आणि त्या प्रसिद्ध करायच्या की नाही, हा निर्णय सर्वेक्षणाचे काम माहीत असलेल्या व्यक्तींवर सोडला. डॉसने खोडलेल्या फायली ही निराळी गोष्ट आहे. तेथे नावाचे पहिले अक्षर ई५ होते आणि क्लस्टरांची साखळी पुसली जाते, त्यामुळे अशी फाइल जोडून दाखवणे हा अंदाजच असतो. जोडलेल्या प्रत्येक फाइलवर तसे नमूद केले.

हस्तांतरण

सुपूर्द केलेल्या संचात चुंबकीय बदलांच्या मूळ नोंदी, एकत्र केलेली प्रतिमा, अवाचित आणि दुरुस्त सेक्टरांची यादी, छायाचित्रे, रूपांतरित तक्ते आणि कोणत्या क्रमाने काय केले याचे साध्या मजकुरातील टिपण होते. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (मजकूर जराही बदलला तर बदलणारा ओळख-आकडा) काढून त्याची यादी संचात आणि संचाबाहेरही ठेवली. प्रती तीन केल्या, त्या वेगळ्या ठिकाणी आणि दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवायला सांगितल्या, आणि दरवर्षी हॅश पुन्हा मोजून यादीशी ताडण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी देण्याचा आग्रह धरला.

एसटी-२२५ वीज बंद होताना हेड आपोआप सुरक्षित जागी नेत नाही. त्यामुळे शेवटच्या वाचनानंतर हेड माहितीच्या पलीकडच्या आतल्या पट्ट्यात नेऊन मगच वीज बंद केली. डिस्क, तिचे कार्ड आणि दोन्ही मूळ केबल स्थिरविद्युतरोधक पिशव्यांत घालून एकाच खोक्यात ठेवल्या. खोक्यावरील चिठ्ठीत डिस्क वाचून झाल्याचे, मूळ नोंदी कोठे आहेत याचे आणि डिस्कला पुन्हा वीज देऊ नये असे लिहिले आहे. जे मोजके सेक्टर उतरले नाहीत त्यांच्यासाठीही ती फिरवण्याची गरज नाही. सिग्नलचा अर्थ लावणारे अधिक चांगले सॉफ्टवेअर हाती आले, तर ते आधी जपून ठेवलेल्या चुंबकीय नोंदींवरच वापरायचे आहे.